सुईतली तार

अक्का, तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी मी वर्कशॉपचं कुलूप काढलं. सुतक फिटेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, असं काकूनं बजावलं होतं. मी मुकाट ऐकलं. हत्याराला हात लावू नकोस, हे ऐकायची मला या घरात सवय आहे.

आत तोच गोडसर वास कोंडला होता. टेबलाच्या पायाशी तुझ्या हातून पडलेली सिरिंज तशीच होती. तू त्या दुपारी शाळेच्या वाचनालयाचं मॉडेल जोडत होतीस, मध्येच ‘सुमा, पाणी’ म्हणालीस आणि खुर्चीवरून कललीस. तुझ्या हाताखालच्या बसूनं तुला उचललं, मी रस्त्यावर रिक्षा बघायला धावले. सिरिंजेकडे कोण बघतंय! चौदा दिवसांत तिच्यातला क्लोरोफॉर्म उडून गेला होता आणि सुईच्या तोंडाशी ॲक्रिलिकचा खडा धरला होता. ओळखायला तांबडा दोरा बांधलेली सुई, आपल्याकडची सगळ्यात बारीक. तेवीस वर्षांत माझ्या ताब्यातली एकही सुई अशी तुंबून पडली नव्हती. निदान माझ्या हातून तरी नाही.

लोकांना वाटेल, बहिणीच्या हातून पडलेली शेवटची वस्तू बघून हिला भडभडून आलं असेल. नाही आलं. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की बघ अक्का, तार न घालता सुई टाकलीस, आणि या खेपेला माझ्यावर ढकलायला तू नाहीस.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग असताना बोलू द्यायचं होतंस.

आपलं काम काय, असं कुणी विचारलं की तू सांगायचीस, ‘आम्ही इमारती बांधतो, फक्त त्यात मुंग्याच राहू शकतात.’ आर्किटेक्ट नकाशे देणार, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये ॲक्रिलिकचे तुकडे लेझरवर कापून मिळणार, आणि बंगळुराच्या टोकाला, येलहंक्यात, अप्पांच्या घराच्या माडीवर आपण ते जोडणार. जोडायचं म्हणजे दोन तुकडे एकमेकांना टेकवून धरायचे आणि सांध्याशी सुईनं, थोडं ॲक्रिलिक विरघळवलेल्या क्लोरोफॉर्मचा थेंब ठेवायचा. थेंब आपणहून फटीतून धावतो, दोन्ही कडा विरघळवतो, आणि दोनाचं एक होतं. हात चांगला असला तर सांधा दिसतच नाही. थेंब जास्त झाला किंवा हात हलला, की आत बुडबुडे, नाहीतर बाहेर पांढरा डाग, आणि तो डाग जन्मात जात नाही. म्हणून तर हवाई दलाचं विमान डोक्यावरून गेलं की तू सुई वर धरून थांबायचीस. आवाज विरेपर्यंत माडीवर कुणी शिंकायचंही नाही.

सिरिंजा अप्पांच्या. अप्पा दवाखान्यात कंपाउंडर होते. एकदा वापरून फेकायच्या सुया आल्या तेव्हा डॉक्टरांनी काचेच्या सिरिंजा मोडीत काढल्या आणि अप्पा त्या स्टीलच्या डब्यासकट घरी घेऊन आले. काही उपयोग नव्हता, तरी दर रविवारी ते त्या उकळायचे. प्रत्येक सुईबरोबर केसाएवढी एक तार होती. सुई धुवायची, फुंकून कोरडी करायची आणि तार आत सरकवून ठेवायची, म्हणजे भोक बुजत नाही. ‘सुई आंधळी झाली की पेशंटचा दंड सुजतो, सुमा. तार आत, मग डबा बंद.’ मी दहा वर्षांची होते. तू बाजूला डिप्लोमाची ड्रॉइंगं काढत बसायचीस आणि मी तारा घालत बसायची. पुढं तू मॉडेलं करायला लागलीस तेव्हा प्लास्टिकच्या सिरिंजेचा रबरी दट्ट्या क्लोरोफॉर्मनं फुगून अडकायला लागला, आणि तुला अप्पांच्या डब्याची आठवण झाली. डब्याबरोबर मीही आले.

ते ऋण मी नाकारत नाही. मी दहावीच्या एसएसएलसीत दोनदा आपटले तेव्हा अप्पा मला शिवणाच्या क्लासला घालणार होते. तू म्हणालीस, ‘तिला माझ्याकडे द्या, अप्पा. तिची बोटं बघा.’ आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते आणि तू सोळाची. माझ्या वेण्या तू घातल्यास, मला गोवर आला तेव्हा तू कॉलेज बुडवलंस, आणि लग्नाचं विचारायला आलेल्यांना ‘धाकटीचं झाल्याशिवाय नाही’ म्हणून परत पाठवलंस. माझं झालं नाही, म्हणून तुझंही राहिलं. हे सगळं मला पाठ आहे. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, पण काकू दाखवायची, आणि तू तिला कधी गप्प केलं नाहीस.

तुझ्याकडे आल्यावर बारा वर्षं मी सुया राखल्या. फक्त सुया नव्हे, चिकटवायचं म्हणून जे जे होतं ते सगळं. पांढऱ्या डिंकाच्या बाटल्यांच्या चोची कोमट पाण्यात भिजवून पिळून काढायच्या. झटपट गोंदाच्या नळ्या ॲसिटोनमध्ये बुडवायच्या, टाचणीनं कोरायच्या नाहीत, कोरलं की भोक मोठं होतं आणि मग गोंद भसाभसा येतो. काचेचा दट्ट्या अडकला तर ओढाताण करायची नाही, सिरिंज हाताच्या उबेत धरायची. तुझ्या टेबलावर कुठलीही वस्तू उचल, ती चालायचीच. सांध्यासाठी तुझं नाव झालं. ते होणारच होतं, हात होताच तुझा तसा. पण बंगळुरात दुसऱ्या कुणाच्याही टेबलावर अर्धी सकाळ तुंबलेलं तोंड मोकळं करण्यात जाते, आणि तुझी गेली नाही, हे एकाही आर्किटेक्टला कळलं नाही. तूही कळू दिलं नाहीस.

आणि मग ते छप्पर.

बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्याचं मॉडेल होतं. मालकाला आतली यंत्रं दिसायला हवी होती, म्हणून वरचं छप्पर आरपार, करवतीच्या दातांसारखं उतरतं. तुला त्या दिवशी ताप होता. दुपारी तू म्हणालीस, ‘सुमा, छप्पर तू जोड. मी बघते.’ बारा वर्षांत पहिल्यांदा. तू खाटेवर पांघरूण घेऊन बसलीस आणि मी चार सांधे भरले. तीन विमानं गेली, तिन्ही वेळा मी सुई वर धरून थांबले, तुझ्यासारखीच. शेवटचा सांधा झाल्यावर तू छप्पर हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरलंस. बराच वेळ धरलंस. मग कन्नडात ‘सरी’, ठीक आहे, एवढंच म्हणालीस. तुझ्या तोंडून ‘सरी’ म्हणजे केवढी शाबासकी ते मला माहीत होतं. मी त्या संध्याकाळी तुझ्यासाठी गंजी, तांदळाची पेज, केली आणि तांबड्या दोऱ्याच्या सुईत तार घालताना अप्पांच्या फोटोकडे बघून हसले. म्हणून मला ती तार इतकी पक्की आठवते. रोजच्या शंभर तारा आठवत नाहीत, ती आठवते.

सकाळी मी पीण्याच्या शेडमध्ये गेले. छपरावर बसवायचं शेवटचं धुराडं तिथून कापून आणायचं होतं. गिऱ्हाइकासमोर शेवटचा तुकडा चिकटवायची तुझी रीत होती. देवळावर कळस चढवल्यासारखी तू ते करायचीस आणि लोकांना आवडायचं. अकराला मालक आले, त्यांच्याबरोबर आणखी चौघं. मी कॉफीचा ट्रे घेऊन दारात होते. तू धुराडं ठेवलंस, सुई टेकवलीस, दट्ट्या दाबलास. काही आलं नाही. तू आणखी दाबलास. तुंबलेल्या सुईला कधी दाबायचं नसतं, हे या घरात मला दहाव्या वर्षी ठाऊक होतं, पण पाच पाहुण्यांसमोर तुला थांबता आलं नाही. खडा सुटला आणि क्लोरोफॉर्मची चिळकांडी माझ्या छपरावर उडाली. बघता बघता तळहाताएवढा भाग दुधासारखा पांढरा झाला.

तू मागं वळूनही बघितलं नाहीस. म्हणालीस, ‘सुमा, तार घातली नाहीस.’ मग मालकांकडे वळून, हसून, ‘नन्न तंगी, सर. स्वल्प विसराळू आहे,’ असं अर्धं कन्नडात अर्धं मराठीत. माझी धाकटी बहीण. ते बिचारे ‘पर्वा इल्ला, पर्वा इल्ला’ म्हणत कॉफी प्यायला लागले. माझ्याच ट्रेमधली. तासाभरात तू जादाच्या तुकड्यांतून नवीन छप्पर जोडून दिलंस, तापात. सगळे थक्क झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ना, तशी मी दारात उभी होते, आणि संन्याशाच्या हातात बिस्किटांची बशी होती.

त्यानंतर तू मला सांधा दिला नाहीस. ओरडली नाहीस, टाकून बोलली नाहीस, फक्त दिला नाहीस. मी हात पुढं केला की म्हणायचीस, ‘तू सुया बघ गं.’ पुढच्या महिन्यात झाडताना खिडकीच्या कठड्याच्या फटीत मला तांबड्या सुईची तार सापडली. मी कधी खिडकीत बसून सुया धुते? मी ती तुझ्यासमोर ठेवली. तू चष्मा काढलास, पुसलास, परत घातलास. ‘तूच ठेवली असशील.’

‘मी आत घातली होती, अक्का.’

‘मी उचलली तेव्हा तार नव्हती. मला एवढंच माहीत.’

अकरा वर्षं आपण हेच भांडलो. दिवाळीला भांडलो, अप्पांच्या श्राद्धाला भांडलो, मेट्रोत उभ्याउभ्या भांडलो तेव्हा एका बाईनं उठून तुला जागा दिली. तार होती. तार नव्हती. शेवटी शेवटी तर आपल्याला पूर्ण वाक्यही लागायचं नाही. मी डबा बंद करताना ‘होती’ म्हणायची आणि तू टेबलावरून मान वर न करता ‘सरी, सरी’ म्हणायचीस. ऐकणाऱ्याला वाटलं असतं, बहिणींचा काही लाडिक खेळ आहे. तुलाही तसंच वाटायला लागलं होतं का? माझ्यासाठी तो खेळ नव्हता. मी रोज विचारत होते आणि तू रोज टाळत होतीस.

सात वर्षांपूर्वी तुझे डोळे अधू झाले. मला वाटलं, आता तरी. तू बसूला आणलंस. निपाणीकडचा, कन्नड-मराठी दोन्ही बोलणारा, घरी बायको आणि दोन मुली, आधी फर्निचरच्या कारखान्यात होता. चांगला माणूस आहे, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तू त्याला पहिल्या आठवड्यात सांधा दिलास, अक्का. पहिल्या आठवड्यात. त्याच्या हाताखाली तुटलेले, डागाळलेले तुकडे मी सुपात भरून खाली नेत होते आणि तू त्याला म्हणत होतीस, ‘होऊ दे, खराब झाल्याशिवाय हात बसत नाही.’ मी जिन्यात सूप घेऊन उभी राहिले. तुला मी दिसले असणार. तुझे डोळे इतकेही अधू नव्हते.

परवा रविवारी आपल्या समाजाच्या हॉलमध्ये तुझ्यासाठी सगळे जमले. तू असतीस तर म्हणाली असतीस, इतक्या खुर्च्या कशाला मागवल्या. दोन आर्किटेक्ट बोलले, तुझ्या सांध्यांबद्दल. एकानं सांगितलं की बाईंच्या मॉडेलमध्ये जोड शोधायची आम्ही पैज लावायचो. मग बसू उठला. त्याला बोलायची सवय नाही, कागदावर लिहून आणलं होतं. आधी तो कन्नडात बोलला, मग आपल्या माणसांसाठी मराठीत तेच परत. म्हणून मी ते दोनदा ऐकलं. चुकीचं ऐकलं असं स्वतःला सांगायलाही जागा उरली नाही.

‘पयल्या दिवशी अक्कांनी मला म्होरं बसवून सांगितलं,’ तो म्हणाला. ‘बसू, सुई खाली ठेवताना तार घालायची इसरू नको. मी येकदा इसरले. बोम्मसंद्र्याचं छप्पर होतं. सकाळी त्येच्या सांध्यावर क्लोरोफॉर्मची येक रेघ ओढायला गेले, फोन आला, सुई तशीच ठेवली खिडकीत, आन् पार्टीसमोर छप्पर घालवलं. माजी चूक. बगा, एवढी मोठी कलाकार, आन् नवीन आलेल्या माणसाला आपली चूक सांगतीया. असलं माणूस मी बगितलं न्हाई.’

हॉलमध्ये सगळ्यांनी माना हलवल्या. काकूनं पदर डोळ्यांना लावला. शेजारच्या बाईनं माझा हात दाबला आणि म्हणाली, ‘किती मोठं मन.’ मी तिचा हात झटकला नाही. चहाच्या वेळेला बसू माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘बरं बोललो न्हवं, सुमाक्का? तुमास्नी तर ठावंच असंल ते.’ मी म्हटलं, ‘हो, बरं बोललास.’ दुसरं काय म्हणणार! त्याला कसं कळावं की गेली सात वर्षं जे माझं होतं ते त्याच्याजवळ पडून होतं.

तुला माहीत होतं. त्याच दिवशी, त्याच क्षणी, दट्ट्या दाबायच्या आधीच तुला माहीत होतं. ‘तार नव्हती’ हे तू खोटं बोलत नव्हतीस. तार नव्हतीच, कारण ती तू काढली होतीस. किती जपून शब्द निवडलास गं! पाहुण्यांसमोरचं ते एक सोडलं, तर अकरा वर्षं एकही सरळ खोटं वाक्य न बोलता मला खोटं पाडलंस.

आणि परक्याला सांगितलंस. त्याला शिकवायला माझी गोष्ट वापरलीस, आणि तिच्यातून मला वगळलंस. मी त्या गोष्टीत असते तर त्यानं विचारलं असतं, मग धाकट्या अक्का का जोडत नाहीत?

रविवारी घरी आल्यावर मी साडीही बदलली नाही. माझ्या कपाटावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते छप्पर काढलं. हो, मी ते ठेवलं होतं. तू फेकायला सांगितलंस, मी जिन्याखाली नेलं आणि तिथून माझ्या कपाटावर. खिडकीच्या उजेडात धरलं, तू धरलं होतंस तसं. पहिला सांधा दिसत नाही. दुसरा दिसत नाही. तिसरा दिसत नाही. चौथा सांधा त्या पांढऱ्या डागाखाली आहे.

त्या सकाळी तू माझ्या छपरावर रेघ ओढायला का गेलीस? चौथ्या सांध्यात काही राहिलं होतं म्हणून? मग आदल्या दिवशी सरी का म्हणालीस? की काही राहिलं नव्हतं, आणि तेच तुला सहन झालं नाही? मी ते छप्पर तिरपं धरलं, उलटं धरलं, ओल्या फडक्यानं पुसलं. डागापलीकडचं काही दिसत नाही. तार आत होती हे मला आता कळलं, उशिरा का होईना. पण माझा हात होता की नव्हता, हे सांगू शकणारं एकच माणूस होतं, आणि त्याला मी पंधरा दिवसांपूर्वी हेब्बाळच्या स्मशानात सोडून आले.

मला तुझा इतका राग येतो आहे की मी तो कुठं ठेवू कळत नाही. आणि रोज सकाळी मी कॉफीचे दोन पेले गाळते, फिल्टरमधून दुसऱ्याचा थेंब पडेपर्यंत लक्षात येत नाही, त्याचाही राग येतो. दुसरा पेला मीच पिते. तू स्ट्राँग प्यायचीस. माझी झोप गेली आहे.

रविवारीच मी ती तुंबलेली सुई वाटीभर स्वच्छ क्लोरोफॉर्ममध्ये बुडवून वर झाकण ठेवलं. दोन दिवस. घाई केली तर खडा आणखी घट्ट बसतो. आज मंगळवारी खिडक्या सताड उघडून सुई बाहेर काढली. तार पुढून ढोसायची नाही, मागच्या मोठ्या तोंडातून घालायची. अडेल तिथं थांबायचं. पुन्हा बुडवायची. पुन्हा घालायची. दट्ट्याला हात लावायचा नाही. चौथ्या वेळेला काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि वाटीत राजगिऱ्याच्या दाण्याएवढा खडा पडला. मी सुई डोळ्याशी धरली. भोकातून समोरच्या घराची टाकी दिसली, बारीकशी. हे मला येतं. जगात माझ्याइतकं हे कुणाला येत नसेल, आणि हे येणं म्हणजे काय हे कुणाला सांगूनही कळणार नाही.

बसू वाचनालयाचं मॉडेल पुरं करायला आला. दर्शनी काच तेवढी राहिली होती.

‘बसू, ही आज मी जोडते.’

‘तुमी?’

‘का?’

‘न्हाई, काय न्हाई. जोडा की.’

मी काचेचा तुकडा टेकवला. तेवढ्यात विमान आलं. मी सुई वर धरून थांबले, बसूही मागं थांबला, आणि त्या दोन मिनिटांत मला वाटलं की आता खाटेवरून तू काहीतरी म्हणशील. मग थेंब ठेवला. तो धावला, अक्का. अर्ध्यापर्यंत सुरेख धावला. मग माझ्या हातानं कच खाल्ली, दुसरा थेंब जास्त झाला, आणि कोपऱ्यात तीन बुडबुडे धरले. तीन. मोजायला चष्माही लागला नाही.

बसू वाकून बघत राहिला. ‘चालतंय की,’ तो म्हणाला. ‘खाली गवात चिकटवलं की दिसत न्हाई.’ चांगला माणूस आहे. पण मी हात बघितलेत, मला सांगायला नको. हात बसायचं वय असतं आणि ते तू माझ्याकडून सुया धुण्यात काढून घेतलंस. बैल गेला नि झोपा केला, असं तू अशा वेळी म्हणाली असतीस आणि वर हसली असतीस. मी उद्या पुन्हा जोडणार आहे. परवाही. तुकडे खराब होऊ देत. हात बसेल न बसेल, तुझ्यासारखा तर नक्कीच बसणार नाही. डागाखालचं तर मला आता कधीच कळायचं नाही, तेव्हा निदान डागाबाहेरचं तरी करून बघेन.

संध्याकाळी मी अप्पांचा डबा उघडला. सगळ्या सुया धुतल्या, फुंकल्या. तांबड्या दोऱ्याची शेवटी. तिच्यात तार सरकवली, पार टोकाबाहेर येईपर्यंत. खिडकीत धरून बघितली. मग पुन्हा बघितली. अकरा वर्षं मी प्रत्येक सुई दोनदा बघते, हे तुला कधी दिसलं नव्हतं असं म्हणू नकोस. डबा बंद करणार होते, पण केला नाही. बसू चपला घालत होता, त्याला परत वर बोलावलं.

‘काय झालं, सुमाक्का?’

‘काही नाही. ही बघ. हिच्यात तार आहे की नाही, सांग.’

त्याला काही कळलं नाही. तरी त्यानं सुई हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि नीट निरखून बघितली.

‘आहे की,’ तो म्हणाला.

एवढंच तर म्हणायचं होतंस.